वॉशरखालचा पिवळा रंग

कुठल्याही गॅरेजसमोरून जाताना माझी नजर अजूनही बोल्टच्या डोक्यावर जाते. त्यावर रंगाची बारीक रेघ ओढलेली दिसली की पाय थांबतात, आणि ती बस, तिचा ड्रायव्हर आणि आमच्या पोलीस ठाण्याच्या बाकावर डबा मांडीवर धरून बसलेली ती बाई जशीच्या तशी डोळ्यांसमोर येतात.

तुम्ही दोघं नातवंडं फोनवर नेहमी विचारता, "अज्जी, तू खरंच चोर पकडायचीस?" पकडायचे. पण माझ्या नोकरीतली सर्वांत अवघड केस चोराची नव्हती. ती इंजिनाच्या बोल्टांची होती. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. ती माणसं अजून याच शहरात आपापली कामं करत राहतात. बाकी जसं घडलं तसं लिहिते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून सावकाश आणि क्रमाने लिहिते.

मी तेव्हा बंगळूरच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्याची इन्स्पेक्टर होते. इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसेस रोज सकाळी आमच्या हद्दीतून जात. अशीच एक बस कोरमंगलातून माणसं घेऊन निघाली आणि उड्डाणपुलाच्या उतारावर तिचं स्टिअरिंग फिरेनासं झालं. ड्रायव्हरने ब्रेक सोडला नाही. बस कठड्याला घासत घासत नेऊन थांबवली, म्हणून ती खाली कोसळली नाही. आतल्या मुलामुलींना खरचटलं, एक-दोघांची हाडं मोडली. ड्रायव्हरचा उजवा पाय मात्र केबिनच्या पत्र्यात चिरडला गेला. डॉक्टरांना तो गुडघ्याखाली कापावा लागला.

मोटार वाहन निरीक्षकांनी बस तपासली. इंजिन ज्या आधारांवर बसवलेलं असतं त्यांना माउंटिंग म्हणतात. उजव्या माउंटिंगचे दोन बोल्ट गळून पडले होते, उरलेले दोन सैल लोंबत होते. त्यामुळे इंजिन त्या बाजूला खचलं आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर बसलं. बोल्ट आपोआप सुटले की कुणी सोडले, ते मात्र अहवालात नव्हतं.

अपघात म्हणून प्रकरण रहदारी पोलिसांकडे होतं. आमच्याकडे आलं ते एका फोनमुळे. ठाण्याच्या फोनवर एका माणसाने नाव न सांगता एवढंच सांगितलं, "तो अपघात नव्हे. फिटरनं बोल्ट सोडलेत. आदल्या दिवशी ड्रायव्हरशी भांडलाय तो. बोल्टावरची पिवळी रेघ तुटलीय का बघा." आणि फोन ठेवला.

ही पिवळी रेघ काय असते ते आधी सांगते. बोल्ट पूर्ण आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या वॉशरवर आणि तिथून लोखंडी आधारावर अशी एक सरळ रेघ पक्क्या रंगाने ओढतात. हा रंग तेलाने, पाण्याने, उष्णतेने जात नाही. पुढे बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि नुसत्या बॅटरीच्या उजेडात कळतं की हा सैल झाला. त्या बसच्या वाहतूक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये रीत अशी होती की आवळणारा एक आणि रंग लावणारा दुसरा. फिटर आवळणार, मेस्त्री म्हणजे वर्कशॉपचा सुपरवायझर तपासणार आणि मगच रेघ ओढणार. आणि एकदा रेघ ओढली की त्या बोल्टला कुणी पाना लावायचा नाही. लावला तर मेस्त्रीचा अपमान.

आम्ही बघितलं. सैल बोल्टांवरच्या रेघा तुटलेल्याच होत्या.

भांडणही खरं निघालं. ड्रायव्हर मोठा थट्टेखोर माणूस. सगळ्यांसमोर तो फिटरला म्हणाला होता, "तू आवळलेली गाडी बाहेर काढायच्या आधी मी बायकोला फोन करून निरोप घेतो बाबा!" सगळे हसले. फिटरने पाना आपटला आणि म्हणाला, "एक दिवस तुला दावतोच." हे ऐकलेले साक्षीदार होते. वरिष्ठांनी खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवायला सांगितलं. फिटरला अटक झाली, कोर्टाने पोलीस कोठडी दिली.

फिटर बेळगावकडचा. तिशीतला, शांत, हातांवर काळं वंगण मुरलेलं. माझ्याशी तो त्याच्या मराठीत बोलायचा.

माझी चौकशीची पद्धत साधी होती. मी आवाज चढवत नसे. माणसाला बसायला खुर्ची देत असे आणि म्हणत असे, सकाळपासून सांग, जे केलंस ते क्रमाने सांग.

"माउंटिंगचे जुने रबर काढलो, नवे घातलो. डावी बाजू आवळलो. मग उजवी आवळलो."

"भांडण?"

"झालं की. म्हणून काय माणूस मारतोय का, अक्का? त्या बसमध्ये पोरी बसतात, सगळ्यांस्नी ओळखतो मी."

मी त्याला तेच पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपण केलेल्या कामाबद्दल बोलताना माणसाचे हात बोलतात. पोळ्या कशा लाटल्या हे सांगणारी बाई हवेत लाटणं फिरवते. हा माणूस डाव्या माउंटिंगबद्दल सांगताना पाना धरल्यासारखी मूठ वळवत होता, खांद्याला झटका देत होता. उजव्याचं सांगताना त्याचे दोन्ही हात मांडीवर निपचित पडलेले असायचे.

"उजवी बाजू तूच आवळलीस?"

"रंग हाय की ओ त्याच्यावर."

"मी रंगाचं विचारत नाही. तू आवळलीस का?"

तो खाली बघत राहिला. 

आमच्या हेड कॉन्स्टेबलना सगळं ठाणं अण्णा म्हणायचं, मीसुद्धा. निवृत्तीला आलेले, तोंडाने तिखट. ते मला बाहेर म्हणाले, "मॅडम, खोटं बोलतोय तो. स्वल्प दम दिला की ओकेल."

"खोटं बोलतोय हे खरं," मी म्हटलं. "पण कशाबद्दल, ते आपल्याला माहीत नाही. दम दिला तर आपल्याला हवं ते ओकेल. मला जे झालं ते हवंय."

"सरी मॅडम," अण्णा म्हणाले. सरी म्हणजे बरं, पण ते असं म्हणायचे तेव्हा त्यांना मुळीच पटलेलं नसायचं.

बाकावर रोज त्याची बायको येऊन बसत असे. डबा आणायची. आम्ही तपासून आत पाठवायचो. एकदा मी तिला विचारलं, तुझा नवरा रागीट आहे का? ती म्हणाली, "राग येतोय त्याला, बाईसाहेब, पर हाताला राग येत न्हाई त्याच्या. घरातला नळसुद्धा बंद करून परत आवळून बघतोय. मी हसतो त्याला." मग हळूच म्हणाली, "सुटंल न्हवं?"

मी तिला खोटा धीर दिला नाही. म्हटलं, "खरं काय ते शोधल्याशिवाय मी सोडणार नाही. त्यातून तो सुटेल की अडकेल, ते मला आज माहीत नाही."

इकडे कोठडीची मुदत संपत आली होती. वरिष्ठांचा फोन आला. "फोन आहे, भांडण आहे, धमकी आहे, तुटलेल्या रेघा आहेत. आणखी काय हवंय तुम्हाला?" मी म्हटलं, "सर, बोल्ट कुणी सोडला ते हवंय. रेघ तुटली एवढंच कळलंय, पाना कुणी लावला ते कळलेलं नाही." ते वैतागले. पण काढून मात्र घेतली नाही केस.

त्या दिवशी दुपारी आम्ही बसच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट आणि आधाराच्या पट्ट्या पंचांसमोर काढून घेतल्या. तुमच्या आजोबांच्या मुंबईत याला पंचनामा म्हणतात, आमच्याकडे महजर. मग सगळा मुद्देमाल प्रयोगशाळेत पाठवायला अण्णांनी टेबलावर घेतला. वस्तू कापडात गुंडाळायची, सुतळीने बांधायची, गाठीवर तापवलेली लाख ओतायची आणि ती गरम असतानाच पितळी शिक्का दाबायचा, ही पोलिसांची जुनी पद्धत. गाठ घट्ट असेल तर लाख वर बसते. गाठ सैल असेल तर लाख सुतळीखाली ओघळते, आणि मग ते सील वकिलाच्या नखानेसुद्धा निघतं. या एका गोष्टीवरून मी शिपायांना नोकरीभर बोलत आले होते.

अण्णांनी पहिलं पुडकं बांधून शिक्का मारला. मी सवयीने बोट लावलं. गाठ हलली.

"अण्णा, आधी गाठ, मग लाख."

"मॅडम, शिक्का बघा ना किती सुंदर उठलाय!"

"शिक्का सुंदरच आहे. काढा."

त्यांनी पुटपुटत सील उचकटलं आणि लाखेचा तुकडा माझ्यासमोर पालथा ठेवला. खालून लाखेची एक पातळ जीभ सुतळीच्या तळाशी गेलेली होती. गाठ घट्ट असती तर तिला तिथे शिरायला जागाच नव्हती.

मी त्या तुकड्याकडे बघत राहिले आणि मग म्हटलं, "अण्णा, दुसरं पुडकं बांधू नका. उजव्या बाजूचे बोल्ट द्या इकडे."

आम्ही पंचांना थांबवून घेतलं. बोल्ट हातात घेऊन मी वॉशर सरकवला आणि उलटा केला. वॉशरच्या तळाला पिवळा रंग होता. काठावर नव्हे, आत, जिथे वॉशर लोखंडाला चिकटून बसायला हवा तिथे. आधाराच्या पट्टीवरही त्याच जागी तसाच ओघळ. दुसरा सैल बोल्टही तसाच. मग डाव्या बाजूचा घट्ट बोल्ट घेतला. त्याच रंगाची, तशीच रेघ. पण वॉशरच्या खाली स्वच्छ, चकचकीत लोखंड. रंग काठाशी येऊन थांबलेला.

अण्णांनी चष्मा वर केला. "अय्यो," ते म्हणाले. "रंग लावला तेव्हाच सैल होता हा."

"आणि डोक्याचे कोपरे बघा."

उजव्या बोल्टांच्या डोक्याच्या कोपऱ्यांवर रंग अखंड होता. रंग वाळल्यावर कुणी पाना लावला असता तर तो तिथे खरवडला असता. म्हणजे रंग लागल्यानंतर ते बोल्ट कुणी सोडले नव्हते, आणि कुणी आवळलेही नव्हते. गाडीच्या हादऱ्यांनी ते आपले आपण फिरत फिरत निघाले होते. प्रयोगशाळेने पुढे हेच लिहून दिलं. पण मला त्यासाठी थांबायची गरज नव्हती.

मी वॉशर फिटरसमोर ठेवला. उलटा.

त्याने तो उचलून आतला रंग बोटाने चाचपला. आणि मग पहिल्यांदाच उजव्या बाजूबद्दल बोलताना त्याचे हात उठले. दोन बोटांनी हवेत हळूहळू काहीतरी फिरवत तो म्हणाला, "नुसते बोटांनी बसवलो होतो, अक्का. आवळणार तेवढ्यात मेस्त्री बोलवले. एचएसआर लेआउटमध्ये एक गाडी बंद पडलीय, जा म्हणाले. गेलो. परत येऊन बघतो तर रंग लागलेला. वाटलं, दुसरा कोणतरी आवळला, मेस्त्री तपासले. रंगाच्या बोल्टाला पाना कसा लावायचा? जॅक काढलो, गाडी सोडलो."

"मग आवळलो असं का सांगत होतास?"

"मेस्त्री म्हणाले, आवळलो म्हणून सांग, रंग साक्षीला हाय. माझ्या गावचे हायत ते. त्यांनीच कामाला लावलेत मला. ते मला वाचवतील की."

आता मेस्त्रीबद्दल. पन्नाशीचा, स्वच्छ कपड्यांतला, अदबशीर. पहिल्या जबाबात त्याने मला छान सांगितलं होतं: आधी तपासतो, मग रंग लावतो, नियम म्हणजे नियम.

मी त्याला ठाण्यात बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या साडीत, अण्णा आणि दोन पंच घेऊन, मीच वर्कशॉपमध्ये गेले. बाकीचे फिटर अजून यायचे होते. एक बस तपासणीच्या खड्ड्यावर उभी होती आणि मेस्त्री खाली उतरून, हातात रंगाचं पेन घेऊन, एकामागून एक रेघा ओढत होता. सरळ, सारख्या, अगदी छापल्यासारख्या रेघा. प्रत्येक रेघेचा मोबाइलवर फोटो.

मी खड्ड्यात उतरले. त्याने नुकतीच रेघ ओढलेल्या बोल्टावर मी बोट ठेवलं. पाना नाही, काही नाही. एक बोट. बोल्ट फिरला.

मेस्त्री गोरामोरा झाला. "मॅडम, पोरं आली की आवळतातच," तो म्हणाला. "रोज आवळतात. कंपनीवाल्यांना गाडी सुटायच्या आत फोटो लागतात. पोरं आवळून होईपर्यंत मी थांबलो तर फोटो कधी पाठवू?"

"आणि पोरांना तुम्हीच सांगितलंय, रंगाला हात लावायचा नाही."

त्याने रंगाच्या पेनाला टोपण लावलं.

"हा फोन कुणाकुणाच्या हातात असतो?"

"कुणाच्या नाही. फोटोंचा फोन आहे, माझ्याच खिशात असतो."

मी अण्णांकडे बघितलं. ठाण्यावर आलेला निनावी फोन ज्या नंबरवरून होता, तो वाहतूक कंपनीच्या नावावर निघाला होता. तिथल्या कुणीही केला असेल, असं आम्ही धरलं होतं. अण्णांनी आपल्या मोबाइलवरून तो नंबर फिरवला. मेस्त्रीच्या हातातला फोन वाजला.

बराच वेळ वाजत राहिला तो. कुणी बंद केला नाही.

त्या सकाळी मी तिथली एकही बस बाहेर सोडली नाही. प्रत्येक रंगवलेला बोल्ट पान्याने तपासला जाईपर्यंत फाटक बंद. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या ऑफिसांतून फोन सुरू झाले, माणसं कॅब शोधत फिरली. वरिष्ठांनी विचारलं, "कुणाच्या हुकमाने?" मी म्हटलं, "माझ्या." आणि खड्ड्यात काय सापडलं ते सांगितलं. ते म्हणाले, "सगळ्या तपासून होऊ द्या."

मेस्त्रीवर निष्काळजीपणाने जीव धोक्यात घातल्याचा आणि पोलिसांना खोटी खबर दिल्याचा गुन्हा दाखल झाला. फिटरविरुद्धचा खुनाच्या प्रयत्नाचा आरोप मागे घ्यावा, असा अहवाल मी कोर्टाला दिला. तो पुढे साक्षीदार झाला. त्याला सोडलं तेव्हा त्याची बायको बाकावरून उठलीच नाही, डबा घट्ट धरून रडत राहिली. तो मात्र माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी बी हात लावून बघायचं होतं, अक्का. नुसता रंग बघितलो." मी हो म्हटलं. तेवढी चूक त्याची होती आणि ती त्याने स्वतःकडे ठेवून घेतली.

मग त्याने ड्रायव्हरला भेटायचं ठरवलं. मला म्हणाला, तुम्ही संगती या. मी एरवी गेले नसते. पण हॉस्पिटलमध्ये ड्रायव्हरने आधीच्या जबाबात "त्यानेच केलं" असं सांगितलं होतं, आणि काय झालं ते त्याला माझ्या तोंडून कळायला हवं होतं. मी सांगितलं. ड्रायव्हरने ऐकून घेतलं, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "जा रे तू." त्या दिवशी एवढंच झालं.

या केसनंतर मी एक गोष्ट कधी सोडली नाही. काम झाल्याची खूण आणि झालेलं काम यांत अंतर पडू शकतं, आणि ते बहुतेक वेळा वाईट माणसं पाडत नाहीत. घाईतली, नीटनेटकी, फोटो वेळेवर पाठवणारी माणसं पाडतात. मेस्त्रीच्या रेघा इतक्या सरळ होत्या की खाली बोट लावून बघावं असं कुणालाच वाटलं नाही. ठाण्यातही मी सांगत असे, जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नका. सही हाही रंगच. तुमच्या शाळेत, पुढे नोकरीत, कुणी तुम्हाला आधी खूण करायला सांगेल. म्हणेल, होणारच आहे काम. तेव्हा ही गोष्ट आठवा.

निवृत्तीनंतर एकदा मी ड्रायव्हरच्या घरी गेले. तो आता कंपनीच्या गाड्या कुठल्या वाटेने पाठवायच्या ते बघतो. दारातच हातोडी-पान्यांची पिशवी दिसली. आत ड्रायव्हर खुर्चीत बसलेला, कृत्रिम पाय पुढे केलेला, आणि फिटर जमिनीवर बसून त्या पायाचे स्क्रू आवळत होता. बरेच महिने झाले होते म्हणे, दर काही दिवसांनी येतो.

"बघा मॅडम," ड्रायव्हर मला म्हणाला, "बस गेली, आता माझा पाय आलाय याच्या वर्कशॉपात!" मग त्याच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "काय रे, झालं? लाव की रंग."

फिटरने मान वर केली नाही. स्क्रूला हाताने एकदा हलवून बघितलं, पुन्हा अर्धा फेरा दिला, पुन्हा हलवून बघितलं.

"थांब की रे," तो म्हणाला. "आधी आवळू दे."